गाठीतला दाणा

मी बांधलेली पट्टी कोणी मधेच सोडली तर मला कळतं. पेशंटनं आईची शपथ घेतली तरी कळतं. कसं कळतं ते चाळीस वर्षांत मी आपणहून कोणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता माझी बोटं थरथरतात. मुलगा आसनगावला कारखान्यात आहे, त्याला या कामात रस नाही. तेव्हा सांगून टाकतो.

पट्टीची शेवटची गाठ मारताना मी तिच्या पोटात भाताचा एक दाणा ठेवतो. सालासकट, आणि त्याचं टोक काजळात बुडवलेलं. गाठ सोडली की दाणा पडतो. सोडणाऱ्याला पत्ता नसतो. तो आपला हात मोकळा करतो, खाजवतो, मग घाबरून माझ्यासारखीच गाठ मारायचा प्रयत्न करतो. आठ दिवसांनी तो माझ्या अंगणात आला की मी गाठ उकलतो आणि दाणा बघतो. दाणा नाही म्हणजे पट्टी सुटली होती. हे माझ्या आज्यानं बापाला दिलं आणि बापानं मला.

एकदा एक जवान पोरगा आला, मनगट मोडलेला. कामट्या लावून बांधला आणि दहा दिवसांनी बोलावला. आला तर दाणा गायब, आणि तो आईची आन घेऊन सांगतो, पट्टी सोडली नाही. त्याच्या मानेला हळद राहिली होती. मी म्हटलं, “हळदीला नाचलास?” पोरगा पांढराफटक पडला. “आबा, तुमाला कसं कळलं?” मी वर आभाळाकडं बघितलं. पुढच्या सोमवारपर्यंत पंचक्रोशीत झालं की आबाला आतलं दिसतं. मी कोणाला नाही म्हणायला गेलो नाही.

मी हाडवैद. मुरबाडच्या पुढं सिद्धगडाच्या अंगाला आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर आले त्या दिवशी. या अंकाच्या लोकांनी लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा संशयच आला, की हे माझी थट्टा करणार. मग ते म्हणाले, कोणी हात लावणार नाही, बोलता तसं लिहा. तर लिहितो. हात लावला तर मला कळेल.

आमचं काम बाहेरच्या माणसाला गंमतीचं वाटतं, पण ते सोपं नाही. निखळलेलं हाड आधी बोटांनी वाचायचं. डोळे मिटून वाचलं तर जास्त कळतं. मग पेशंटला त्याच्या बैलांची नावं विचारायची. तो नावं सांगत असतानाच झटका द्यायचा, म्हणजे हाड जागेवर. मग पाल्याचा लेप, कापूस, बांबूच्या कामट्या आणि वरून पट्टी. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल तर मी हात लावत नाही, सरळ सरकारी दवाखान्यात पाठवतो. हे मी अभिमानानं सांगतो, कारण हात लावणारे खूप आहेत.

आणि एक नियम आहे. ज्यानं गाठ बांधली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं सोडली तर हाड वाकडं येतं, असं आज्यानं गावभर सांगून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर हाड वाकडं येतं ते लवकर सोडल्यामुळं, कोणी सोडलं याच्याशी हाडाचं देणंघेणं नाही. पण भीती राहिली तर पट्टी राहते. म्हणून माझ्या गाठीला सासू, नवरा, पुढारी, कोणी हात लावत नाही.

आता मंदाची पोर. जिच्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट हीच.

मंदा आमच्या गावची. तिचं घर माझ्या घरापासून चार घरं सोडून. लग्न होऊन आटगावाजवळ गेली. तिला पहिली मुलगी झाली, जयू. जयू दीड वर्षाची असताना मंदा तिला माझ्याकडं घेऊन आली. पोरीचा उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट, आंगठा मुठीच्या आत. बाळंतपण अडलं होतं, पोर उशिरा रडली होती.

मी हात चाचपला. खांदा जागेवर, कोपर जागेवर, मनगट जागेवर. हाडाचा काही दोष नव्हता. हे मला तेव्हाच, त्या चटईवर बसल्या बसल्या कळलं होतं. तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं की मंदे, हे माझं काम नाही. पण अंगणात दहाबारा माणसं बसली होती आणि मला सगळं कळतं असा बोलबाला होता. मी म्हटलं, “शिर आखडली गो. सरळ बांधून ठेवू, होईल.”

तीन महिने मी तो हात कामटीला बांधून ठेवला. सोडला की मूठ पुन्हा आत. पुन्हा बांधला. पोर त्या हातानं काही धरायला शिकली असती ते वय मी कामटीला बांधून घालवलं. हे माझ्या हातून झालं, आणि त्याला दुसरा कोणी जबाबदार नाही.

जयू वाढली. लंगडत का होईना, चालायला लागली. सगळं डाव्या हातानं करायची, आणि उजवा हात कुशीला लागून असायचा, दुसऱ्या कोणाचा आणून ठेवल्यासारखा.

ती सात वर्षांची झाली तेव्हा माझ्या अंगणात एक बाई येऊन बसली. दोन हजार सालाच्या पुढची एकदोन वर्षं असतील. पेशंट नाही, पेशंटबरोबरही नाही. पाणी मागितलं, वही काढली आणि बघत बसली. गुरुवारी आली, पुन्हा सोमवारी आली. वही काढणाऱ्या माणसाचा मला फार संशय. वहीत लिहिलेलं कुठंतरी वर जातं. मी बायकोला म्हटलं, “ही तक्रार करणार बघ.”

बायको म्हणाली, “तक्रार करणारी माझ्याकडून लोणच्याची रीत कशाला लिहून घेईल?”

“तीच तर लबाडी.”

ती मेघनाताई. कल्याणची, वय तिशीच्या आत. शहापूरला एका संस्थेच्या दोन खोल्या होत्या, तिथं ती जयूसारख्या मुलांना व्यायाम द्यायची. मी सरळ विचारलं, “तुमी विकता काय?” कारण मुरबाडच्या बाजारात जीप लावून अस्वलाच्या चरबीचं तेल विकणारे मी पाहिले होते. लुळ्या पोरांच्या आया तिथं रांग लावायच्या.

“काहीच नाही विकत,” ती म्हणाली.

मग तर माझा संशय दुप्पट झाला. जो विकतो त्याला काय पाहिजे ते तरी कळतं.

तिनं मला समजावलं. या मुलांचा हात बिघडलेला नसतो, हात चालवणारा मेंदूचा तुकडा जन्माच्या वेळी दुखावलेला असतो. तो तुकडा पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचा मेंदू ते काम थोडंफार शिकू शकतो. मात्र हात वापरला तरच. रोज, पुन्हा पुन्हा, आणि पोरीला स्वतःला करावंसं वाटलं पाहिजे. दुसऱ्यानं नुसता हात हलवून दिला तर मेंदू शिकत नाही.

“मेंदू पाहिलाय काय तुमी?” मी विचारलं.

“पाहिलाय. कॉलेजात हातात धरला होता.”

“कसा लागतो हाताला?”

तिनं विचार केला. “उकडलेल्या सुरणासारखा.”

हे उत्तर मला आवडलं. खोटं बोलणाऱ्यानं काहीतरी मोठं सांगितलं असतं. तरी मी म्हटलं, “आणि सुरणाला व्यायाम लावता?”

“हाताला लावते, आबा. पोचतो वर.”

मग ती कामाचं बोलली. जयू तिच्याकडं शहापूरला येत होती. ताईचं म्हणणं, जयूचा चांगला हात रोज तीन तास बांधून ठेवायचा आणि तेवढ्या वेळात सगळे खेळ उजव्या हातानं करायचे. ताईनं तिला कापडी पिशवीसारखा हातमोजा दिला होता. पण ताईनं तो चढवून दिला तरी घरी गेल्यावर तासाभरात आजी, म्हणजे मंदाची सासू, तो काढायची. पोर रडते, चांगला हात कशाला बांधता, म्हणून.

“तुमच्या गाठीला कोणी हात लावत नाही असं ऐकलं,” ताई म्हणाली.

जन्मभर मी दुखावलेला हात बांधला. जो दुखतो तो बांधायचा आणि जो चांगला आहे तो मोकळा, हे शिकायला शाळा लागत नाही. आणि ही म्हणते, चांगला बांधा. मला वाटलं, बाई एकतर वेडी आहे, नाहीतर माझ्या हातून चूक करवून मला अडकवणार आहे.

मी हो म्हटलं नाही. दोन दिवस विचार केला आणि मला आमची भातखाचरं आठवली. आमच्याकडं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात बांध फोडून नेतात. वरचं एक खाचर गाळानं बसलं तर त्याच्याखालच्यांना पाणी शेजारून फिरवून न्यावं लागतं. ती नवी वाट रोज फावड्यानं कोरावी लागते. आणि दुसरीकडं सखल तोंड उघडं असेल तर? सगळं पाणी तिकडंच पळतं, नव्या वाटेला थेंब जात नाही. मग आधी सखल तोंड माती टाकून बुजवायचं. तेव्हा पाणी नाइलाजानं वर चढतं.

डावा हात म्हणजे ते सखल तोंड. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण ताईला मी तसं सांगितलं नाही. म्हटलं, “बघू. माझ्या पद्धतीनं बांधणार.”

मे महिना होता. मंदा जयूला घेऊन तीन आठवडे माहेरी राहायला आली. म्हणजे सकाळी मी बांधणार, दुपारी मीच सोडणार. गाठीचा नियम मोडला नाही.

पहिल्या दिवशी मंदा माझ्या ओटीवर बसली आणि म्हणाली, “आबा, खरं सांगा. होईल काय?”

“तुला काय पायजे? दोन हातांनी भाकरी थापायला?”

“वेणी,” ती म्हणाली. “सगळं एका हातानं करील ती. एका हातानं वेणी नाय घालता येत. सासू म्हणते, केस कापून टाक. मी म्हटलं नाय. पण मी नसले तर हिची वेणी कोण घालील?”

जयूचे केस तेव्हाच कमरेपर्यंत होते.

डाव्या हातावर मऊ पिशवी चढवायची, वरून पट्टी कोपरापर्यंत, आणि गाठ कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला, म्हणजे दात पोचत नाहीत. दाणा आत. ताईनं खेळ लिहून दिले होते. वाळूत चिंचोके लपवायचे आणि उजव्या हातानं शोधायचे. ओला फडका पिळायचा. कोंबड्यांना दाणे टाकायचे. आणि ताईनं पोरीला पत्र्याचा एक डबा दिला होता. उजव्या हातानं जे उचललं तेच त्या डब्यात जायचं. डाव्या हातानं उचललेलं एकसुद्धा नाही. जयू या बाबतीत माझ्यापेक्षा कडक. माझ्या बायकोनं तिला खूश करायला एक गुंज डब्यात टाकली, तर पोरीनं डबा उलटा केला, गुंज शोधून बाहेर फेकली आणि म्हणाली, “ही खोटी.”

मला ती पोर तिथंच आवडली.

पहिले चार दिवस काही नाही. ती चिंचोक्यावर मूठ ठेवायची आणि मूठ उघडायचीच नाही. घाम यायचा, रडायची, बांधलेली डावी पिशवी माझ्या अंगावर आपटायची. “म्हातारा वंगाळ हाय!” अंगणातले पेशंट हसायचे. पाचव्या दिवशी दोन बोटं उघडली. आंगठा काही आला नाही, पण दोन बोटांच्या फटीत चिंचोका अडकला आणि डब्यात पडला. त्याचा टण् आवाज झाला तेव्हा मंदानं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, “रडते कशाला? नुसता अडकला असेल.” मला खरंच तसं वाटत होतं. एकदा झालेल्या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही.

दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. म्हणजे मी ठरवून केलेली चूक. मला वाटायला लागलं की तीन तासात काय होतं? तीन तासात कुठलं हाड सांधतं? आमच्या कामात सोडलं की बिघडलं. जेवढं जास्त बांधाल तेवढं पक्कं. ताई शहरातली, पोराच्या रडण्याला भिते, म्हणून तीन तास म्हणते. मी तिला विचारलं नाही. मंदाला म्हटलं, “आज सोडायची नाय. परवा बघू.”

“ताई तीन तास म्हणाल्या.”

“ताई बांधते काय मी बांधतो?”

माझ्यापुढं कोण बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदा पोरीला घेऊन आली. सोमवार होता, अंगण भरलेलं. पोरीच्या हनुवटीला खरचटलं होतं. चालताना पडली आणि सावरायला हात नव्हता. मी ते बघितलं, पण माझं लक्ष गाठीवर होतं. गाठ माझ्यासारखी दिसत होती, पण माझी नव्हती. मी उकलली. दाणा नव्हता.

“कोणी सोडली?”

मंदा म्हणाली, “मी नाय सोडली, आबा. सकाळी उठून बघते तर सुटलेली. मी परत बांधली.”

“माझी गाठ आपोआप सुटत नाय.”

“मी कुठं म्हणते आपोआप? सुटलेली दिसली, बांधली. आईची आन.”

आईची आन मी फार ऐकली होती. हळदीला नाचलेल्या पोरानंही घेतली होती. मी सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, “मंदे, सासरी जाऊन खोटं बोलायला शिकलीस. पोरगी रडली म्हणून तुझं काळीज वितळलं, तूच सोडलीस आणि वर माझ्यासारखी गाठ मारून मला फसवायला आलीस. असं करायचं तर माझ्या दारात येऊ नको.”

जयू आईच्या मागं उभी होती. मी मोठ्यानं बोललो तशी तिची उजवी मूठ घट्ट आवळली आणि कोपर वर गेलं. मी तो हात बघितला आणि मनात म्हटलं, याला काही होणार नाही. पुढं ताईनं सांगितलं की घाबरलं की असे हात जास्तच आवळतात. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. पोरीला मी एक शब्द विचारला नाही.

मंदानं पोरीला कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पाय लोंबत होते. दुपारच्या एसटीनं ती सासरी गेली. तीन आठवड्यांतले नऊ दिवस झाले होते.

शनिवारी ताई आली. मी तिला ताठ मानेनं सांगितलं, तुमच्या पेशंटची आई लबाड निघाली. सगळं ऐकून ती म्हणाली, “रात्रभर बांधला होता?” तिचा चेहरा बदलला. आजपर्यंत ती माझ्याशी आदरानं बोलायची. त्या दिवशी म्हणाली, “आबा, मोकळ्या हातानं काम झालं तर मेंदू शिकतो. नुसतं बांधून कोणी शिकत नाही. झोपेत ती काय शिकणार होती? पडली तर सावरणार कशानं? मला विचारायचं होतंत.”

मी म्हटलं, “तुमी मला शिकवू नका.”

“नाही शिकवत,” ती म्हणाली. “पण मुलीला आणा. आत्ता थांबलं तर आलेली दोन बोटं जातील. आणि ती आजी पुन्हा कोणाला हात बांधू देणार नाही.”

ती गेली. मला जेवण गेलं नाही. बायको भांडी घासता घासता म्हणाली, “मंदा लहानपणी आपल्याकडं खेळायला यायची. एकदा तुमचा आरसा फुटला होता. कोणी विचारायच्या आत येऊन सांगितलं होतं तिनं.” एवढंच म्हणाली.

रविवारी मी आटगावला गेलो. माफी मागायला नाही, हे लिहून ठेवतो. बघायला गेलो. मला वाटलं, तिच्या दारात अचानक गेलो तर खरं काय ते कळेल. माझी सवय.

मंदाची सासू दारात होती. “या हाडवैद,” म्हणाली, “आता कोणता हात बांधता, माझा?” मंदानं पाणी आणून ठेवलं आणि आत गेली. बस म्हणाली नाही. जयू ओट्यावर डबा घेऊन बसली होती. डावा हात मोकळा होता, तरी मांडीखाली दाबून ठेवला होता. मी बघत राहिलो. पोरीला कोणी बांधलेलं नव्हतं. तिनं स्वतःच डावा हात मांडीखाली घेतला होता आणि उजव्यानं चिंचोके उचलत होती.

मी शेजारी बसलो. तिनं माझ्याकडं पाठ केली.

“डबा दाखव की गो.”

“नाय.”

“गुंज आणलीय मी.”

“ती खोटी.”

मग थोड्या वेळानं तिलाच राहवलं नाही. तिनं डबा पुढं सरकवला. मी आत बोट फिरवलं. चिंचोके, एक बटण, पेन्सिलीचा तुकडा, कोंबडीचं पीस. आणि तळाशी भाताचा एक दाणा. मी तो उचलून उजेडात धरला. टोक काळं होतं.

त्या डब्यात डाव्या हातानं उचललेलं काही जात नाही, हे मला माहीत होतं. मी हळू आवाजात विचारलं, “हा कुठून आणला?”

“पट्टीतनं पडला.”

“पट्टी कोणी सोडली?”

तिनं आईच्या दिशेनं बघितलं, मग माझ्याकडं. “खाजत होतं.”

“मंग?”

“मंग सोडली.”

“कोणत्या हातानं?”

पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही. “दुसरा हात मोकळा होता काय?”

दोन वेढे आणि एक परतीचा, टोक आत दडपलेलं, ही आमच्या घरची गाठ. धडधाकट माणसाला सुटायला वेळ लागतो. त्या पोरीनं ती उजव्या हाताच्या दोन बोटांनी सोडली होती. किती वेळ लागला असेल मला माहीत नाही. सगळे झोपेत होते. आणि सोडून झाल्यावर जमिनीवर पडलेला दाणा तिनं उचलला, डब्यात टाकला आणि पुन्हा झोपली. जे बघायला आम्ही नऊ दिवस अंगणात बसलो होतो ते होऊन गेलं होतं, आणि मी त्याची चोरी म्हणून चौकशी केली होती.

मंदा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “मला पण नाय सांगितलं तिनं,” ती म्हणाली. “तुमी ओरडलात, तिला वाटलं चूक केली.” मग माझ्या हातातल्या दाण्याकडं बघून म्हणाली, “म्हणजे दाणा ठेवता होय? मला वाटायचं तुमाला खरंच आतलं दिसतं.”

“नाय दिसत,” मी म्हटलं.

“दाण्यावर भरवसा ठेवलात, आबा. मी तुमच्या गावची पोर.”

माफी मागणं मला येत नाही. बापाला येत नव्हतं, मलाही नाही. मी म्हटलं, “उद्यापासून चल. राहिलेले दिवस पुरे करू.”

“तुमच्या अंगणात मी येणार नाय.”

सासू हसली. मी खाली बघितलं. मग खिशातून पट्टी काढली आणि म्हटलं, “बस इथं. हात पुढं कर.”

मी मंदाला गाठ शिकवली. बांधायची आणि सोडायचीसुद्धा. आमच्या घराबाहेर ही गाठ कोणाला दिलेली नव्हती. चुलतभावाला नाही दिली, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. मंदाला पाचव्या खेपेला जमली. सासू बघत होती. तिला मी म्हटलं, “आई, ही गाठ आता मंदाची. हिच्याशिवाय कोणी सोडायची नाय. सोडली तर काय होतं तुमाला ठाऊक हाय.” आज्याची भीती मी एवढ्या एका कामाला वापरली. तिचं मला वाईट वाटत नाही.

“तीन तास,” मी मंदाला बजावलं. “ताईनं सांगितलंय तेवढंच. तू समोर बसायचं, तेव्हाच. घड्याळ हाय काय?”

“घड्याळ कशाला? रेल्वेच्या फाटकातनं दहाची गाडी गेली की बांधीन, एकची गेली की सोडीन.”

मी निघालो तेव्हा तिनं विचारलं, “आणि दाणा? दाणा कुठनं आणू?”

मी म्हटलं, “दाणा नको.”

हे वाचून कोणी घरी आपल्या पोराचा हात बांधायला जाऊ नका. आधी जाणत्या माणसाला दाखवा. मी जाणता होतो, तरी एकदा दुखावलेला हात बांधून चुकलो आणि एकदा चांगला हात बांधून चुकलो. त्यानंतर अशी मुलं माझ्या अंगणात आली की मी हाडं चाचपायचो आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचो, हे माझं काम नाही, शहापूरला ताईकडं जा. पहिल्यांदा जीभ जड झाली. मग सवय झाली.

जयूचा हात डाव्यासारखा झाला काय? नाही झाला. ताईनंही तसं कधी म्हटलं नव्हतं. आंगठा बाहेर आला, पण मूठ अजून हळू उघडते. थंडीत आखडते. उजवा हात धरतो आणि डावा काम करतो, एवढं झालं. ताटली धरतो, दप्तराचा पट्टा धरतो. ते व्हायला तीन आठवडे पुरले नाहीत. मंदानं पुढं कितीतरी उन्हाळे गाड्यांवर वेळ मोजून काढले.

मग बरीच वर्षं गेली. माझा गुडघा धरला आणि मी अंगणात बसणं कमी केलं. एका दिवाळीत मंदा माहेरी आली होती. जयूला घेऊन ती माझ्याकडं आली. मी दार उघडलं तर उंच पोर, दहावीच्या वयाची, पायातला लंगडेपणा थोडा राहिलेला. पाया पडली. पाठीवर वेणी होती. वाकडीच होती, उजव्या बाजूचा पेड सैल, मधेच दोन केस सुटलेले.

“वेणी कोणी घातली?” मी विचारलं.

“मीच.”

मी मंदाकडं बघितलं. संशय माणसाच्या तोंडावर दिसतो म्हणतात, तो दिसला असणार. मंदा खदखदून हसली. “बघा, बघा आबा. दाणा शोधा.”

जयूनं पाठ केली आणि वेणी माझ्या हातात दिली. मी चष्मा लावला. टोकाला लाल रिबीन होती. दोन वेढे आणि एक परतीचा, टोक आत दडपलेलं.

तिनं विचारलं, “सोडून दाखवू?”

मी म्हटलं, “नको. तुझी गाठ हाय. घरी जाऊन सोड.”